डेन्मार्कला जाण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई डेन्मार्कमधील ऑर्हुस शहरात राहतात. जुलैच्या सुरुवातीला मुलीचे बाळंतपण असल्यामुळे मी जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर असे तीन महिने तिच्याकडे जाणार आहे. तिथे बाळांना थंडीतही घराबाहेर झोपवतात हे ऐकून माझा जीव घाबरा झाला आहे. शेजारीही कोणी घरी येत नाहीत, असे मुलगी सांगते. मी तिथे कसे वागावे?
– एक होणारी आजी, फोंडा

उत्तर : आधी बाळाविषयी. लहान बाळाला दुपारच्या झोपेसाठी बाबागाडीत घालून बाहेर ठेवण्याची पद्धत डेन्मार्कमध्ये घरोघरी रुळलेली आहे. अंगणात, इमारतीच्या मागच्या आवारात, इतकेच नव्हे तर कॉफीच्या दुकानाबाहेरही अशा बाबागाड्या उभ्या असतात आणि आईवडील काचेआड बसून लक्ष ठेवून असतात. आपल्या डोळ्यांसमोर येते ती घडी घालण्याची हलकी गाडी, तर त्यांची बाबागाडी म्हणजे चाकांवरचा खोल पाळणाच असतो. आत उबदार पांघरूण, वर छप्पर आणि बाळ हलू लागल्यावर त्याला धरून ठेवणारा पट्टा. मोकळ्या हवेत बाळाला झोप चांगली लागते, असे तिथले पालक मानतात. मी तिथे राहत असताना पहिल्यांदा असे बाळ पाहिले तेव्हा मीही थबकलो होतो, म्हणून तुमची काळजी मला परकी वाटत नाही. परंतु त्या दृश्यामागे निष्काळजीपणा नसून रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसावरचा विश्वास आहे, हे समजले की त्या देशातील इतर अनेक गोष्टींचा उलगडा होतो. गावाकडच्या रस्त्यांवर स्ट्रॉबेरी, नवे बटाटे किंवा मध मांडलेली छोटी टपरी असते, तिथे विक्रेता कोणीही नसतो. आपण माल उचलायचा आणि पैसे डब्यात टाकायचे.

बाळंतपणानंतर नगरपालिकेची आरोग्यसेविका घरी येऊन बाळाचे वजन करते, दूध पाजण्यातील अडचणी विचारते, आणि त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. तेल लावून न्हाऊ घालण्याविषयी तिच्याशी मोकळेपणाने बोलावे. शेगडी आणि धुरीचा आग्रह मात्र धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बंद घरातला धूर बाळाच्या श्वासाला बरा नव्हे. बाळाचे नाव सहा महिन्यांच्या आत नोंदवणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे आणि मान्य नावांची यादी ठरलेली आहे. यादीबाहेरच्या नावासाठी अर्ज करता येतो. तेव्हा बारशाला पाळण्यात ठेवायचे नाव मुलीला आधीच तपासून घ्यायला सांगा.

आता शेजार. आपल्याकडे सोप्यावर बसलेले माणूस दिसले की वाटेने जाणारा थांबतो, चार शब्द बोलतो आणि चहा झाल्याशिवाय उठत नाही. तिथे न सांगता दार वाजवणे हे दुसऱ्याच्या वेळेवर अतिक्रमण समजले जाते. भेट कित्येकदा दोन-तीन आठवडे आधी ठरते, पण एकदा ठरली की ती पाळली जाते आणि सहाला या म्हटले म्हणजे सहाच. दारातच बूट काढायचे, हे तुम्हाला नवे नाही. नंतर खोलीतील प्रत्येकाशी हात मिळवून आपले नाव सांगायचे. यजमान ओळख करून देतील म्हणून कोपऱ्यात उभे राहू नये. जेवण झाल्यावर ‘तक फॉर माद’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, हे शब्द म्हटल्यावाचून कोणी उठत नाही. आणि त्याच माणसांची पुढे गाठ पडली की ‘तक फॉर सिस्त’, मागच्या भेटीबद्दल आभार, असे म्हणतात. मागच्या भेटीची आठवण ठेवून तिचे आभार मानणारी माणसे मला कधीच कोरडी वाटली नाहीत. बारशाला शेजाऱ्यांना बोलवायचे असेल तर तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या टपालपेटीत टाका. ते आनंदाने येतील. केकभोवती किंवा टेबलावर लाल-पांढरे छोटे झेंडे मांडलेले दिसले तर तो राष्ट्रीय सण समजू नका, घरातल्या आनंदाच्या प्रसंगीही ते तिथे झेंडा लावतात.

एक सूचना राहिली. शेंगेन व्हिसावर, म्हणजे डेन्मार्कसह युरोपातील अनेक देशांना चालणाऱ्या अल्पकालीन व्हिसावर, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने ९२ दिवसांचे होतात. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही त्यात मोजला जातो, तेव्हा तिकीट त्या हिशेबाने काढावे.

प्रश्न : कोपनहेगनजवळच्या ल्युंगब्यू येथील तंत्रविद्यापीठात मला पदव्युत्तर प्रवेश मिळाला आहे. तिथे प्राध्यापकांना नावाने हाक मारतात, हे खरे काय? मला ते जमेल असे वाटत नाही.
– एक विद्यार्थी, डिचोली

उत्तर : खरे आहे, आणि जमवावे लागेल. डॅनिश भाषेतही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असे दोन शब्द आहेत. पण १९७० च्या आसपासपासून आदरार्थी रूप व्यवहारातून जवळजवळ गेले आणि आता ते राजघराण्यासारख्या मोजक्या ठिकाणी उरले आहे. तिथे आदर दाखवायचा तो वेळेवर येऊन, वाचून येऊन आणि प्राध्यापकांचे म्हणणे पटले नाही तर तसे सौम्यपणे सांगून. मान डोलावणारा विद्यार्थी त्यांना न समजलेला विद्यार्थी वाटतो. अनेक परीक्षा तोंडी असतात आणि काहींना बाहेरचा परीक्षकही बसतो, म्हणून बोलण्याची सवय पहिल्या महिन्यापासून करा.

आपल्या गुणांची यादी सांगणे मात्र टाळा. स्वतःला इतरांपेक्षा श्रेष्ठ समजू नये, या अलिखित संकेताला तिथे ‘यांतेचा नियम’ म्हणतात. हे नाव १९३३ सालच्या एका कादंबरीतून रूढ झाले आणि तरुण पिढी त्यावर टीकाही करते, पण संकेत पुसलेला नाही. आणखी एक गोष्ट : इंग्रजीतल्या ‘प्लीज’ला डॅनिशमध्ये नेमका शब्द नाही. त्यामुळे इंग्रजी बोलतानाही त्यांचे वाक्य तुटक वाटते; त्यात राग शोधू नका.

प्रश्न : आम्ही दोघे १८ ते २८ जून कोपनहेगनला असू. काय चुकवू नये?
– एक दांपत्य, म्हापसा

उत्तर : २३ जूनची संध्याकाळ. आपल्याकडे गोव्यात २४ तारखेला डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून विहिरीत उड्या मारत सांजाव, म्हणजे संत जॉनचा सण, साजरा होतो. त्याच संत जॉनच्या नावाने डॅनिश लोक आदल्या संध्याकाळी समुद्रकाठी होळी पेटवतात, भाषण ऐकतात आणि सगळे मिळून गातात. होळीवर बहुधा गवताची चेटकीण बसवलेली असते. चालत जा, पण सायकलींच्या मार्गिकेत पाय ठेवू नका. सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर पाण्यावरचा वारा आपल्या जानेवारीतल्या पहाटेपेक्षाही गार लागतो, म्हणून लोकरीचे कपडे सोबत असू द्या.