वाचकांचे प्रश्न : झिंग्याचा तिखट पास्ता

प्रश्न : आमचे गाव पवनी तालुक्यात आहे. मी तालुक्याच्या गावी नोकरी करते आणि घरी पोहोचेपर्यंत सायंकाळचे सात वाजतात. पुण्याला शिकणारी मुलगी सुट्टीत आली की झिंग्याचा तिखट पास्ता मागते. मी तो दोनदा केला. दोन्ही वेळा झिंगे रबरासारखे चिवट झाले आणि पास्त्याचा गोळा झाला. नागपूरहून आणलेले गोठवलेले समुद्री झिंगे वापरावेत की ढिवरांकडून मिळणारे नदीचे? आणि अर्ध्या तासात हे खरोखर होते का?
— एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : होते, ताई, फक्त झिंगे आधी साफ करून ठेवलेले असावेत आणि ते रश्शात सर्वांत शेवटी पडावेत. मीसुद्धा पहिल्यांदा टमाटरच्या रश्शातच झिंगे टाकून ते पंधरा मिनिटे रटरटू दिले होते आणि घरच्यांनी ते शांतपणे ताटाच्या कडेला काढून ठेवले होते. मटणाला जितका वेळ द्यावा तितके ते मऊ होते, झिंग्याचे नेमके उलट आहे. मध्यम आकाराच्या झिंग्याला तापलेल्या तेलात दोन-तीन मिनिटे पुरतात. तो चंद्रकोरीसारखा वाकला, लालसर झाला आणि आतले मांस पारदर्शक न राहता पांढरे दिसू लागले की उतरवावा. अंगठीसारखा घट्ट मिटला तर तो जास्त शिजला असे समजावे.

वैनगंगेचा ताजा झिंगा मिळत असेल तर गोठवलेल्याच्या मागे लागू नये. तो चवीला गोडसर असतो, समुद्री झिंग्याचा खारटपणा त्यात नसतो, म्हणून मीठ थोडे सढळ हाताने घालावे. मात्र घरी आणताच त्याचे डोके काढून टाकावे, कारण डोक्यातील पाचकरस मांसात उतरले की गोड्या पाण्यातील मोठा झिंगा काही तासांतच पिठूळ होतो. पाठीवरचा काळा दोरा काढून, धुऊन, फडक्याने कोरडा करावा. ओला झिंगा परतला न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतो. गोठवलेले असतील तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत. ते विसरले तर बंद पिशवीतून थंड पाण्यात अर्धा तास बुडवावेत, पण गरम पाण्यात कधीही टाकू नयेत.

आता गोळ्याविषयी. पाकिटावर ड्युरम गव्हाच्या रव्याचा उल्लेख असलेला पास्ता घ्यावा, मैद्याचा लवकर गळतो. आपल्याकडे बन्सी म्हणतात तो गहू याच जातकुळीचा, आणि काडीवर वळलेले सरगुंडे आमरसाबरोबर खाणाऱ्या घराला पास्ता काही परका वाटू नये. चौघांसाठी चारशे ग्रॅम पास्ता, मोठ्या गंजात तीन-चार लिटर खळखळते पाणी आणि दोन मोठे चमचे मीठ असे प्रमाण ठेवावे. पास्ता टाकल्यावर पहिली दोन मिनिटे ढवळत राहावे, कारण तो चिकटतो तो तेव्हाच. पाण्यात तेल घालण्याची गरज नाही. पाकिटावरील वेळेच्या दोन मिनिटे आधी निथळावा, पण वाटीभर पाणी अवश्य राखून ठेवावे. थंड पाण्याने धुतला तर वरचा स्टार्च जातो आणि रस्सा पास्त्याला धरत नाही.

पास्त्याचे पाणी उकळायला ठेवले की शेजारच्या शेगडीवर कढईत चार मोठे चमचे तेल तापवून झिंगे परतून काढून घ्यावेत. त्याच तेलात, आच मंद करून, आठ-दहा लसूण पाकळ्यांचे काप आणि चार-पाच जाडसर कुटलेल्या सुक्या मिरच्या घालाव्यात. तुमच्या शेजारची भिवापुरी मिरची येथे उत्तम; तिला भौगोलिक मानांकनही आहे. मिरचीचा तिखटपणा पाण्यात नाही, तेलात उतरतो, म्हणून ती तेलातच फुलवावी, मात्र काळी पडू देऊ नये, नाहीतर सगळा पास्ता कडवट होईल. लसूण सोनेरी झाला की चार बारीक चिरलेले टमाटर घालून तेल सुटेपर्यंत शिजवावेत. रोममध्ये लसूण, मिरची आणि टमाटरच्या अशाच रश्शाला ‘अराब्याता’, म्हणजे रागावलेला, असे म्हणतात. मग पास्ता, राखलेले थोडे पाणी आणि शेवटी झिंगे घालून मोठ्या आचेवर मिनिटभर उलथापालथ करावी. पाणी आणि तेल एकजीव होऊन पास्त्यावर चकाकी येते. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि लिंबू. मुलगी चीज मागेल. मासळीच्या पास्त्यावर इटलीत बहुधा ते घालत नाहीत, आणि माझ्या मते झिंग्याची चव त्याखाली दबते, पण घरच्या पोरीशी त्यावरून वाद घालू नये.

प्रश्न : आमच्या गावात ताजे झिंगे मिळत नाहीत, आठवडी बाजारात सुके मिळतात. ते चालतील का?
— एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : चालतील, पण पद्धत बदलावी लागेल. मूठभर सुके झिंगे कोरडेच भाजून, डोके-शेपट्या चोळून पाखडावेत, दोनदा धुऊन दहा मिनिटे भिजवावेत. अर्धे पाट्यावर भरडून लसणाबरोबर तेलात परतावेत आणि उरलेले टमाटरबरोबर शिजू द्यावेत. हे मुळातच खारट असतात, त्यामुळे रश्शात मीठ चव पाहिल्याशिवाय घालू नये. वास घरात दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो, म्हणून भाजताना खिडकी उघडी ठेवावी.