शेजारच्या बागेतील नेपाळी कुटुंब

प्रश्न : आमची वाडी राजापूर तालुक्यात आहे. मुले मुंबईला असल्यामुळे घरी आम्ही दोघेच असतो. शेजारच्या हापूसच्या बागेत राखणीसाठी दिवाळीनंतर एक नेपाळी कुटुंब येऊन राहते. आमचा पंप बिघडला किंवा रात्री यांना दवाखान्यात न्यावे लागले, तर तेच धावून येतात. त्यांचा सात वर्षांचा मुलगा दिवसभर बागेतच असतो. त्याला शाळेत घालावे असे मला वाटते, परंतु ‘परदेशी माणसे आहेत, कागदपत्रांच्या भानगडीत पडू नका’ असे वाडीतले लोक सांगतात. काय करावे? — एक वाचक

उत्तर : वाडीकरांची भीती अनाठायी आहे. भारत आणि नेपाळ यांच्यातील १९५०च्या मैत्री करारानुसार नेपाळी नागरिकांना येथे राहण्याची व काम करण्याची मुभा असून त्यांना व्हिसा लागत नाही. ओळखीसाठी त्यांच्याकडे नेपाळचे नागरिकता प्रमाणपत्र असते. पोलीस ठाण्याने कामगारांची माहिती मागितली, तर ती देण्याची जबाबदारी त्यांना कामावर ठेवणाऱ्या बागायतदाराने उचलावी. शेजारी म्हणून तुम्हाला त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

मुलाच्या शाळेबाबत २००९चा शिक्षण हक्क कायदा पुरेसा स्पष्ट आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि वर्ग वयानुरूप द्यावा लागतो. वर्षाच्या मध्येच, म्हणजे ही कुटुंबे येतात त्या नोव्हेंबरातही, प्रवेश मिळतो. ‘आधार कार्ड आणा, मग बघू’ असे उत्तर मिळाल्यास सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या आधारविषयक निकालाकडे मुख्याध्यापकांचे लक्ष वेधावे. मात्र मुलाच्या आईवडिलांना सोबत घेऊनच शाळेत जा; निर्णय त्यांचा असावा, तुम्ही मराठी बोलणाऱ्या सोबती असाव्यात. पावसाळ्यापूर्वी ते गावी परततील तेव्हा शाळेचा दाखला घ्यायला विसरू नये.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी आम्हाला ती अधिक महत्त्वाची वाटते. रात्री बागेत फिरणाऱ्या राखणदाराला फुरसे या विषारी सापाचा धोका असतो. त्याला पायात बूट व हातात बॅटरी असावी हे बागायतदाराला आवर्जून सांगा. दंश झालाच, तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता १०८ क्रमांकावर फोन करून शासकीय रुग्णालय गाठावे लागते. तेथे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही जातींच्या विषावर चालते. अशा वेळी रुग्णवाहिकेला वाडीची वाट आणि डॉक्टरांना दंशाची वेळ मराठीत सांगणारे माणूस लागते, आणि ते काम तुमच्याइतके चांगले कोण करणार?

आता थोडे कटू. ‘तो आमच्या घरचाच आहे’ असे कोकणात प्रेमाने म्हटले जाते, परंतु घरच्या माणसाला मजुरी विचारण्याची सोय उरत नाही. रात्रीअपरात्री दवाखान्यात नेणे हा शेजारधर्म झाला. पंपाची दुरुस्ती, लाकडे फोडणे, गडग्याची डागडुजी ही मात्र कामे आहेत आणि त्यांचे पैसे गावच्या गड्याला देता तेवढेच, त्याच दिवशी द्यावेत. हा हिशेब चोख असला, तरच सणाला पाठवलेली घावन-चटणी मजुरीच्या बदल्यात दिली असे त्यांना वाटणार नाही.

प्रश्न : आमच्या मच्छीमार नौकेवरील नेपाळी खलाशी पगार ओळखीच्या माणसाहाती गावी पाठवतात व कधीकधी तो पोहोचत नाही. दुसरा मार्ग आहे का? — एक नौकामालक, हर्णै

उत्तर : आहे. रिझर्व्ह बँकेच्या भारत-नेपाळ रेमिटन्स योजनेत एनईएफटीची सोय असलेल्या बँक शाखेतून नेपाळला पैसे पाठवता येतात. येथे खाते नसलेल्यालाही रोख भरून एका वेळी ५० हजार रुपयांपर्यंत, वर्षातून १२ वेळा रक्कम पाठवता येते. खात्यातून पाठवल्यास मर्यादा २ लाखांची आहे. पहिल्या खेपेला तुम्ही किंवा तांडेल (नौकेचा प्रमुख) यांपैकी कोणीतरी बँकेत सोबत जावे आणि पावती खलाशाच्याच हाती राहू द्यावी. १ जूनपासून मासेमारी बंद होते, तेव्हा हंगामाचा हिशेब मेअखेरीस पूर्ण करावा, म्हणजे उरलेली रक्कमही त्याला निघण्यापूर्वी बँकेतूनच पाठवता येईल.