पहिला अल्बम गाजला, दुसरा पुरा होईना

ताई, मी जुळे सोलापूरला राहतो, वय २८. आमचा चार जणांचा मराठी रॉक बँड आहे. दोन वर्षांपूर्वी पहिला अल्बम आला, आठ गाणी. त्यातलं एक असं चाललं की पुण्या-मुंबईचे कार्यक्रम मिळाले, वरातीतसुद्धा ते वाजतं. आता सगळे दुसऱ्याचं विचारतात. माझ्याकडे १९ सुरुवाती आहेत, पूर्ण गाणं एकही नाही. काही सुचलं की लगेच वाटतं, याला त्याची सर नाही. ड्रमर म्हणतो, तसंच आणखी एक कर. बेसवाला म्हणतो, सगळंच बदलू. रात्री दहाला खोलीत बसतो, तीनला तसाच उठतो. नवी गिटार घेतली, कॉम्प्युटरवर आवाज बदलणारे प्लगइन घेतले, काही हललं नाही. संपलोय का मी?
– अडकलेला

नाही रे, संपलेला नाहीस. ज्याचं सुचणं आटलं त्याच्याकडे १९ सुरुवाती पडून राहत नाहीत. तुझं गाणं पुरं करणं थांबलंय, आणि ते पुन्हा सुरू करता येतं.

आधी एक हिशेब मांड. पहिल्या अल्बममधलं सर्वांत जुनं गाणं कधी लिहिलंस आणि अल्बम कधी आला? मधल्या काळात किती गाणी टाकून दिली, तेही आठव. गॅदरिंगला वाजवून पडलेली, अर्धी कापलेली, कुणालाच न आवडलेली. त्या ढिगातून आठ उरली. आता तू तो ढीगच होऊ देत नाहीस. शिवाय मिक्स-मास्टर झालेलं गाणं एका बाजूला आणि मोबाईलवरचे ४० सेकंद दुसऱ्या बाजूला ठेवून तोलतोस. जुन्या फोनमध्ये त्या गाजलेल्या गाण्याचं पहिलं रेकॉर्डिंग असेल तर शोध आणि चौघांनी बसून ऐका. तेही असंच केविलवाणं निघेल.

आता काम. सहा आठवडे, आठवड्याला चार दिवस, दर वेळी ९० मिनिटं, आणि तीही सकाळची. १९ सुरुवातींच्या चिठ्ठ्या कर, डब्यात टाक, रोज एक काढ. ‘ओके कॉम्प्युटर’ या अल्बमनंतर रेडिओहेड या बँडचा गायक टॉम यॉर्क असाच अडला होता, तेव्हा त्याने ओळींच्या चिठ्ठ्या टोपीतून काढल्या, आणि २००० साली ‘किड ए’ हा पुढचा अल्बम आला. चिठ्ठी काढली की निवडण्यातच सकाळ जात नाही.

९० मिनिटांत गाणं शेवटापर्यंत न्यायचं: दोन कडवी, कोरस, ब्रिज, शेवट. शब्द नसतील तिथे ‘ना ना ना’. एक गिटार, एक माइक, एक ड्रम लूप, बाकी सगळे प्लगइन बंद. मात्र क्लिक, म्हणजे ठेका धरून देणारी टिकटिक, लावूनच वाजव. गिटारचा डीआय, म्हणजे अँपशिवायचा थेट आवाज, वेगळ्या ट्रॅकवर घे, २४ बिटमध्ये, मीटरचं टोक उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास. घाईतल्या टेकला कधी कधी असा हात लागतो की स्टुडिओत तो परत येत नाही. क्लिक आणि डीआय असेल तर तोच टेक अल्बममध्ये घेता येतो, अँपचा आवाज मागाहून बदलता येतो. झालं की तारीख टाकून फाइल बंद. १४ दिवस ऐकायची नाही, बँडच्या ग्रुपवरही टाकायची नाही.

बहुतेक सुरुवाती मरतात त्या दुसऱ्या कडव्याशी. सांगायचं ते सगळं पहिल्यातच सांगून झालेलं असतं. अशा वेळी पहिलं कडवं उचलून दुसऱ्या जागी ठेव आणि त्याच्या आधीचं नवं लिही: ती जागा, ती वेळ, दारात कोण उभं होतं. कोरस उठत नसेल तर कॉर्ड बदलत बसू नकोस. कोरसची चाल कडव्यापेक्षा तीन-चार स्वर वर सुरू होते का ते बघ, आणि कडव्यातली गिटार विरळ कर. कडव्यातच सगळं वाजत असेल तर कोरसला वाढायला जागा कुठली?

२४ दिवसांत १९ चिठ्ठ्या संपतील, पाच दिवस उरतील. ती पाच गाणी कोरी असू देत, पण त्यांचा टेम्पो बाहेरून आण. गाजलेल्या गाण्याची लय बोटांत मुरलेली असते, हात आपोआप तिथेच जातो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडबाहेर उभा राहा, मोबाईलवर टॅप करून मागाची लय मोज आणि त्या आकड्यावर क्लिक लाव.

ड्रमर आणि बेसवाल्याचं भांडण कागदावर मिटेल. पहिल्या आठ गाण्यांचा तक्ता करा: पट्टी, टेम्पो, ट्यूनिंग, सुरुवात कशाने, कोरस कितव्या सेकंदाला. आठातली सहा एकाच पट्टीत, एकाच वेगाची निघाली तर नवल वाटायला नको. मग दर नव्या गाण्यात दोन रकाने बदलायचे, बाकीचे तसेच. ट्यूनिंग बदलणं सर्वांत सोपं. ड्रॉप डीसाठी फक्त सहावी तार ईवरून डीवर. डॅडगॅडसाठी सहावी आणि पहिली डीवर, दुसरी बीवरून एवर. कॉर्डचे ओळखीचे आकार हाताला सापडेनासे होतात, हाच त्याचा उपयोग. सगळ्याच तारा दोन स्वर खाली नेणार असशील तर १०-४६ ऐवजी ११-५२ चा जाड तारांचा सेट लाव, नाहीतर तारा ढिल्या पडून फ्रेटवर खरखरतील.

सगळंच बदलून बघितलेलेही आहेत. १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’नंतर पिंक फ्लॉइडने वाद्यं बाजूला ठेवून रबर बँड, काचेचे पेले अशा घरातल्या वस्तूंवर अल्बम करायला घेतला आणि तो सोडून दिला. पण पेल्यांचा तो नाद १९७५ च्या ‘विश यू वेअर हिअर’च्या सुरुवातीला ऐकू येतो. म्हणून तुझ्या १९ पैकी एकही फाइल डिलीट करू नकोस. फ्लीटवूड मॅकने १९७७ च्या ‘रूमर्स’नंतर १९७९ मध्ये मुद्दाम वेगळा, २० गाण्यांचा ‘टस्क’ काढला. तो ‘रूमर्स’इतका खपला नाही. तुमचाही कमी चालू शकतो, हे चौघांनी आत्ताच एकमेकांना बोलून दाखवा. माझं मत विचारशील तर मला ‘निर्वाणा’ या बँडची रीत पटते. ‘नेव्हरमाइंड’नंतरचा अल्बम त्यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये साधारण दोन आठवड्यांत रेकॉर्ड केला. वेळ कमी असला की वाद गाण्याबद्दल होतात, माणसांबद्दल कमी.

रेकॉर्डिंग गड्ड्याची यात्रा आटोपली की लगेच ठेव, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पंख्याशिवाय खोलीत बसवत नाही आणि पंखा माइकमध्ये येतो. कोरड्या उन्हाळ्यात गिटारची मानही आक्रसते, फ्रेटची टोकं हाताला लागतात. खोलीला फोम नको, आपल्या जाड सोलापुरी चादरी घे. दुहेरी घडी करून भिंतीपासून १०-१५ सेंटीमीटर सोडून टांग, आणि गाताना त्या तुझ्या पाठीमागे असू देत, कारण कार्डिऑइड, म्हणजे समोरचंच जास्त टिपणाऱ्या, माइकचं तोंड तुझ्याकडे असतं आणि तुझ्यामागच्या भिंतीवरून परतणारा आवाजच तो टिपतो. चादरींनी बेस मात्र आवरत नाही. बेसचा घुमारा कोपऱ्यांत साठतो, तिथे रॉकवूलचे, म्हणजे दगडी लोकरीचे, जाड पॅनल लागतात.

स्टुडिओत जाण्याआधी तीन नवी गाणी कार्यक्रमात वाजवा, नवीन आहेत असं न सांगता, सेटच्या पहिल्या अर्ध्यात. हिट शेवटी. एक फोन प्रेक्षकांकडे तोंड करून लावून ठेव. लोक कुठे मान हलवतात आणि कुठे खिशातून मोबाईल काढतात, ते घरी मिनिटाप्रमाणे लिहून काढ. कात्री तिथे लागेल.

शब्द-चालीचा कुणाचा किती टक्का, तेही रेकॉर्डिंगआधी लिहून चौघांच्या सह्या घ्या. बँड यावरूनच फुटतात. गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचे, म्हणजे गाण्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचे, सदस्य झाला नसाल तर व्हा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा राखलेला आहे. कंपनीशी करार असेल तर दुसरा अल्बम कधी द्यायचाय ते कलम वकिलाकडून वाचून घे.

आणि रात्री तीनपर्यंतची बैठक आजपासून बंद. चार-पाच तास मोठ्या आवाजात ऐकल्यावर कान थकतात, वरचे स्वर बोथट लागतात, चांगलंही निर्जीव वाटतं. म्हणजे तू सगळ्यात वाईट वेळी स्वतःच्या कामाचा निकाल लावत होतास. लवकर आडवा होऊनही दोन आठवडे झोप लागली नाही, किंवा मन उदासच राहिलं, तर डॉक्टरांकडे जा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात.

सोमवारी सकाळी सातला डबा तयार ठेव. पहिली चिठ्ठी ड्रमरला काढू दे.