आजीच्या हातावरचं उलटं स्वस्तिक

प्रश्न : आजीच्या हातावर स्वस्तिक गोंदलेलं आहे, पण मी काढलेल्या फोटोत ते उलटं दिसतं. त्याखाली पाच ठिपके आणि फांद्यांसारख्या रेघा आहेत. उलटं स्वस्तिक अशुभ असतं म्हणतात. मग ते मुद्दाम काढलं असेल का? (वाचक, सातारा)

उत्तर : मोबाइलचा पुढचा कॅमेरा बरेचदा आरशातलं चित्र साठवतो, त्यात सरळ स्वस्तिक उलटं होतं. शेजारी नाव गोंदलेलं असेल तर अक्षरं नीट वाचता येतात का ते बघा. मग मागच्या कॅमेऱ्याने, फ्लॅश न लावता, खिडकीच्या तिरप्या उजेडात पुन्हा फोटो काढा. आजीची कातडी कोरडी असेल तर आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवा, रेघा उठून दिसतात. फोटो कृष्णधवल करून लाल फिल्टर लावला की निळसर गोंदण गडद होतं.

तरीही उलटं दिसलं, तर घाबरू नका. चीन-जपानमधल्या बौद्ध मंदिरांवर तेच स्वस्तिक सर्रास असतं. शिवाय गोंदणातली काजळी वर्षानुवर्षं कातडीत पसरते. सेंटीमीटरभर स्वस्तिकाचे छोटे हात त्यात बुजतात आणि उरते नुसती क्रूसासारखी फुली. तेवढ्यावरून घराण्याचा धर्म ठरवू नये. (तसं ठरवणारे भेटतात!)

फांद्यांच्या रेघा खालच्या चौकोनातून निघत असतील तर बहुधा तुळशीवृंदावन. ते आजीला खालचं वर दिसत असलं तर नवल नाही, गोंदणारीण समोर बसायची. पाच ठिपक्यांना बरेच जण पाच पांडव म्हणतात, पण ते नुसती नक्षीही असू शकते. आजीलाच विचारा, नाहीतर तिच्या माहेरच्या तिच्या वयाच्या बायकांना. सासरच्या कुलदैवताशी जोडायची घाई नको.

प्रश्न : हेच गोंदण मला माझ्या हातावर गोंदवून घ्यायचं आहे. फोटो दाखवला तर चालेल?

उत्तर : फोटोवरून थेट नको, पसरलेली रेघ तशीच उतरेल. पारदर्शक प्लास्टिक हातावर ठेवून बारीक मार्करने रेघांच्या मधोमध गिरवा, कोपराकडचं टोक कोणतं आणि प्लास्टिकची वरची बाजू कोणती ते त्यावर लिहून ठेवा. प्लास्टिक पालथं पडलं की पुन्हा तेच उलटं स्वस्तिक. आकार तीन सेंटीमीटरपर्यंत वाढवा, म्हणजे स्वस्तिकाच्या हातांमध्ये मोकळी जागा राहील. सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली, नवी हवी. पूर्वी दोन-तीन सुया दोऱ्याने बांधून त्याच सर्वांना वापरत. त्याने रक्तातून कावीळ पसरते.