हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर पक्षी पाहायला एकच दिवस मिळाला, तर कुठे आणि कसं जावं?

मुंबईहून निघून संध्याकाळी परत यायचं असेल, तर अलिबागजवळचं आक्षी. पण रविवार ठरवून मग किनारा शोधू नका, आधी तिथी बघा.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा अंदाज झाला. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या. त्रयोदशीपासून पुढच्या द्वितीयेपर्यंतचा एखादा दिवस धरा. तेव्हा सकाळी पाणी चढत असतं. ओहोटीला किनाऱ्यावरचे पक्षी ओल्या वाळूवर दूरवर पांगलेले असतात आणि दुर्बिणीतूनही ठिपक्यांएवढेच दिसतात. भरती त्यांना हळूहळू कोरड्या वाळूकडे, म्हणजे तुमच्याकडे आणते. शिवाय आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळचं ऊन तुमच्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर.

उजाडता उजाडता पोचा, सुरूच्या बनाच्या कडेला बसा आणि बसूनच राहा. पक्ष्यांच्या मागे चालत जाणाऱ्याला फक्त उडणारे थवे दिसतात. बसलेल्याला चोची दिसतात, आणि खरी गंमत चोचींमध्येच आहे. चिखल्याची चोच आखूड. तो दोन पावलं धावतो, थांबतो, वाळूवर दिसलेला किडा टिपतो. कर्ल्यूची लांब वाकडी चोच वाळूत खोल जाते. लाल चोचीचा ऑयस्टरकॅचर शिंपल्या फोडतो. सँडरलिंग तर मागे सरकणाऱ्या लाटेच्या पाठोपाठ पळतो आणि पुढची आली की उलटा धावतो. तासन् तास बघत राहावं असं दृश्य आहे ते! एकाच वाळूवर इतके जण जेवतात, कारण प्रत्येकाचं ताट वेगळ्या खोलीवर वाढलेलं असतं.

कुरव (गल) आणि सुरय (टर्न) थव्याने बसलेले असतील, तर एकेक पक्षी निरखा. त्यात पल्लासचा कुरव मिळाला तर आकारानेच वेगळा उठून दिसतो. डिसेंबरात त्याचं डोकं बरंचसं पांढरं असतं, फेब्रुवारी-मार्चपर्यंत काळं होत जातं.

आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरते.

एक कळकळीची विनंती. भरतीला थवा किनाऱ्यावर दाटीने बसलेला असतो, ती त्याची विश्रांतीची वेळ. सँडरलिंग आर्क्टिकहून आलेला असतो, छोटे चिखल्या हिमालयापलीकडून, आणि उन्हाळ्याआधी त्यांना तेवढंच अंतर परत कापायचं असतं. त्यासाठी साठवलेली चरबी आपल्या एका फोटोपायी उडण्यात खर्च होते. वाळूवर गाडी नेऊ नका. कुत्रा सोबत असेल तर त्याला मोकळा सोडू नका.

भरती पूर्ण झाली की जेवून घ्या. दुपारी वेळ उरलाच तर उत्तरेला किहीमला जा. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींनी 1930 च्या पावसाळ्यात सुगरणींचा अभ्यास केला तो तिथेच. हिवाळ्यात तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत हळद्या हमखास दिसतो.