रेडिंगजवळचं खेडं: स्टोक रो आणि काशीच्या राजाची विहीर

मुलीकडे रेडिंगला महिनाभर आहात आणि 'गर्दी नसलेलं, खरंखुरं इंग्लिश खेडं अर्ध्या दिवसात बघायचंय' असं विचारलंयत. इथे बहुतेकांनी कॉट्सवोल्ड्स, म्हणजे पर्यटकांच्या आवडीचा खेड्यांचा डोंगराळ भाग, सुचवलंय. छानच आहे, पण उन्हाळ्यात तिथे गाडी लावायला जागा मिळेपर्यंत अर्धा दिवस संपतो. मी म्हणेन, स्टोक रोला जा. रेडिंगच्या उत्तरेला, चिल्टर्न टेकड्यांवर. गाडीने अर्धा तास पुरे. बसच्या भरवशावर मात्र निघू नका.

गाव एका रस्त्याचं. चर्च, शाळा, एक दुकान, भोवती बीच नावाच्या उंच झाडांची राई. आणि रस्त्याच्या कडेला, जणू कुणी बनारसहून उचलून आणून ठेवावी तशी घुमटाखालची विहीर! आत रहाटाचं लोखंडी यंत्र आणि त्यावर सोनेरी हत्ती. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सासूबाईंनी हत्ती बघून आधी हात जोडले, मग विचारलं, "हा इथे कसा?"

त्याचं असं झालं. या टेकड्या खडूच्या. म्हणजे पांढऱ्या, मऊ चुनखडीच्या दगडाच्या. पावसाचं पाणी सरळ खाली झिरपतं, वर टिकत नाही. त्यामुळे गावकरी डबक्यातलं गढूळ पाणी प्यायचे. जवळच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड हिंदुस्थानात मोठे अधिकारी होते. 1831 साली त्यांनी आझमगडकडे विहीर खोदवली होती. आपल्या गावाकडची पाण्याची रड त्यांनी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांना कधीतरी सांगितली होती. राजाने ती लक्षात ठेवली आणि पुढे स्वखर्चाने इथे विहीर बांधून दिली. तीही 1857 नंतर अवघ्या काही वर्षांत, हे मला अजून नवल वाटतं.

विहीर म्हणतो खरं, पण आहे आड: रुंदी जेमतेम 4 फूट, खोली 368 फूट. लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल 365 फूट उंच आहे, म्हणजे ते उलटं करून आत सोडलं तरी तळाला टेकणार नाही. आणि हे सगळं हातांनी खणलेलं. काठावर उभं राहून, एक माणूस त्या नळकांड्यात अंधारात वाकून कुदळ चालवतोय आणि वरून दोरावर माती उपसली जातेय, एवढं डोळ्यांसमोर आणा. 24 मे 1864 ला, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, ती खुली झाली. पाणी फुकट मिळायचं. देखभालीच्या खर्चासाठी शेजारी चेरीची बाग लावली, तिचं नाव इश्री बाग. विहिरीच्या रखवालदाराचं चिमुकलं घर अजून तिथेच आहे.

1964 साली शताब्दीला एलिझाबेथ राणीचे पती प्रिन्स फिलिप आले होते. तेव्हा गंगाजल आणून विहिरीत मिसळलं, हे सासूबाईंना सांगितल्यावर त्यांनी पुन्हा एकदा हात जोडले.

विहीर बघायला पाऊण तास पुष्कळ. जेवायला गावातच 'क्रुकेड बिलेट' आहे. जुना पब, पण बारचा कट्टाच नाही. बिअर तळघरातून काढून आणतात. 'टायटॅनिक'ची नायिका केट विन्स्लेट हिच्या 1998 च्या लग्नाची जेवणावळ इथेच उठली होती. रविवारी आधी फोन करून टेबल राखून ठेवा. आणि बूट जुने घाला, झाडीतल्या वाटांवर चिखल असतो.