रेल्वे मॅग्नेट, रेल्वेसम्राट की महाजन?

प्रश्न: ‘रेल्वे मॅग्नेट लेलँड स्टॅनफर्ड यांनी विद्यापीठ स्थापन केले’ असे एका अनुवादात वाचले. मॅग्नेट म्हणजे लोहचुंबक ना? मग इथे अर्थ काय घ्यायचा? मराठीत ‘रेल्वेसम्राट’ म्हटले तर चालेल का?

लोहचुंबकाचा इथे काही संबंध नाही. चुंबकाचा मॅग्नेट ग्रीकांच्या मॅग्नेशिया या स्थलनामावरून आला आणि माणसाचा मॅग्नेट लॅटिनमधल्या ‘मॅग्नस’वरून, म्हणजे मोठा. इंग्रजीत दोघांचे स्पेलिंग वेगळे आणि उच्चारही वेगळा. देवनागरीत दोन्ही एकाच साच्यात कोंबले की वाचणाऱ्याचा घोळ होणारच. अनुवादकाने तो शब्द तसाच उचलून ठेवायला नको होता.

आणि ‘सम्राट’ तर अजिबात नको. साखरसम्राट, शिक्षणसम्राट, सहकारसम्राट, ज्याच्या हाती चार पैसे आणि दोन संस्था तो सम्राट, असे वर्तमानपत्रांनी करून ठेवले आहे. अमरकोशात सम्राटाची व्याख्या स्पष्ट आहे: ज्याने राजसूय केला, जो मंडलाचा ईश्वर आहे आणि ज्याची आज्ञा इतर राजांवर चालते, तो सम्राट. आता स्टॅनफर्ड पाहा. कॅलिफोर्नियातून पूर्वेकडे निघालेल्या सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे ते अध्यक्ष होते खरे, पण भागीदार चौघे. पूर्वेकडची खरेदी आणि वॉशिंग्टनमधली खटपट कॉलिस हंटिंग्टनकडे, हिशेब मार्क हॉपकिन्सकडे, प्रत्यक्ष बांधकाम चार्ल्स क्रॉकरकडे. सिएरा नेवाडा डोंगर ओलांडणारा मार्ग मोजून काढला थिओडोर जुडा या इंजिनिअरने, आणि तो १८६३ मध्येच वारला. एका माणसाच्या आज्ञेवर चाललेला हा कारभारच नव्हे.

मग शब्द कोणता? ‘महाजन’. ‘मॅग्नस’ आणि आपला ‘महत्’ एकाच धातूचे. ग्रीक ‘मेगास’ही त्याच घरातला, ज्याचा ‘मेगा’ आपण आता मेगाब्लॉकपर्यंत आणून पोचवला आहे. लॅटिनमध्ये ‘मॅग्नातेस’ हा शब्द बहुतेक अनेकवचनातच भेटतो: राज्यातली बडी मंडळी. हंगेरीच्या वरिष्ठ सभागृहाला ‘मॅग्नेटांचे सभागृह’च म्हणत. आणि संस्कृतात? ‘महाजन’ म्हणजे मोठा माणूस, तसाच पुष्कळ लोकांचा समुदायही. ‘महाजनो येन गतः स पन्थाः’ यातला महाजन एकटा की अनेक, यावर जुन्यांनी भरपूर वाद घातला आहे. मूळ धातू एक, अर्थाची वाटचालही जवळजवळ एक. शब्दाला शब्द इतका नेमका मिळणे फार दुर्मीळ.

यावर हटकून येणारा आक्षेप म्हणजे ‘महाजन म्हणजे सावकार’. हा हिंदी सिनेमाने शिकवलेला अर्थ. अहमदाबादेत महाजन म्हणजे व्यापाऱ्यांची पंचायत, आणि तिथल्या गिरणी कामगारांनी १९२० मध्ये संघटना काढली तिचे नाव ‘मजूर महाजन’. तिथे सावकार कुठे बसवणार? मराठीतला अर्थ तर आपल्या दप्तरांतून भरून वाहतो. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची तर सरकार कौल, म्हणजे सवलतींचे लेखी वचन, देई, ठरावीक वर्षे करात सूट देई आणि शेटे-महाजन व्यापारी, कारागीर आणून पेठ उभी करत. बदल्यात त्यांना वतन आणि बाजारातल्या उलाढालीवर हक्क मिळे.

अमेरिकेचा १८६२ चा पॅसिफिक रेल्वे कायदा म्हणजे असाच कौल. रूळ टाकलेल्या प्रत्येक मैलामागे सरकारी रोखे कर्जाऊ: सपाटीवर १६,००० डॉलर, डोंगरांमधल्या पठारी मुलखात ३२,०००, डोंगरात ४८,०००. शिवाय मार्गाच्या दोन्ही बाजूंची जमीन, बुद्धिबळाच्या पटासारखी एक चौकट कंपनीला, एक सरकारकडे. चौकट एक चौरस मैलाची, म्हणजे ६४० एकर. आधी मैलामागे १० चौकटी होत्या, १८६४ मध्ये २० झाल्या. दर मुलखावर ठरलेले, त्यामुळे डोंगर कुठून सुरू होतो हा लाखमोलाचा प्रश्न झाला. कॅलिफोर्निया राज्याचे भूगर्भशास्त्रज्ञ जोसाया व्हिटनी यांनी सॅक्रमेंटोपासून सुमारे ७ मैलांवरच्या आर्केड क्रीक या ओढ्यापाशी सिएराचा पायथा दाखवला. डोळ्याला तिथे सपाट जमीन दिसते, पण माती डोंगरातून वाहून आलेली, एवढ्या आधारावर. तो निर्णय मान्य झाला आणि त्या सपाटीला मैलामागे तिप्पट कर्ज मिळाले. व्हिटनींनी पायथा दाखवला तेव्हा कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर कोण? स्टॅनफर्डच.

‘महाजन म्हटले की माणूस थोर ठरतो’ असेही काही भाषांतरकार म्हणतात. चूक. तो शब्द दर्जा सांगतो, चारित्र्य नव्हे. गव्हर्नर म्हणून १८६२ च्या भाषणात स्टॅनफर्डनी आशियातून येणाऱ्यांना हीन वंश म्हटले आणि त्यांचे येणे रोखावे असे सांगितले. पुढे त्यांचीच रेल्वे हजारो चिनी मजुरांनी बांधली. १,६५९ फुटांचा घाटमाथ्याचा बोगदा त्यांनी कठीण ग्रॅनाइटमधून फोडला, साध्या सुरुंगाच्या दारूने दिवसाला जेमतेम फूटभर खडक निघत होता. जून १८६७ मध्ये पगारवाढीसाठी त्यांनी संप केला तेव्हा क्रॉकरने शिधा तोडला आणि आठवड्याभरात संप मोडला. बांधकामाचे कंत्राट या चौघांनी आपल्याच दुसऱ्या कंपनीला दिले होते, आणि सरकारी चौकशी बसली तेव्हा तिच्या हिशेबाच्या वह्या सापडल्या नाहीत. हे सगळे ‘महाजन’ शब्दाआड लपत नाही. ‘सम्राट’ म्हटले की मात्र सरकारी कर्ज आणि भागीदार दोन्ही वाक्यातून गळून पडतात.

गोव्याचा अर्थ तर विद्यापीठाच्या बाजूलाही लागू पडतो. तिथे देवस्थानाशी वंशपरंपरेने बांधलेली घराणी म्हणजे महाजन, आणि १८८६ मध्ये पोर्तुगीजांनी त्यांच्या कारभारासाठी नियमावलीही केली. संस्था उभी करून तिच्या मालमत्तेला अटी घालणारा तो महाजन. स्टॅनफर्ड दांपत्याचा एकुलता मुलगा लेलँड १५ वर्षांचा असताना १८८४ मध्ये फ्लॉरेन्सला विषमज्वराने गेला. ११ नोव्हेंबर १८८५ च्या दानपत्राने त्यांनी विद्यापीठाचा न्यास केला आणि पालो आल्टोची जमीन कधीही विकायची नाही अशी अट घातली. ८,००० एकरांहून मोठी ही जमीन आजही विद्यापीठाचीच आहे. विकता येत नाही म्हणून भाडेपट्ट्याने द्यायची, यातूनच १९५१ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च पार्क निघाले आणि व्हेरियन, ह्यूलेट-पॅकार्ड या कंपन्या तिथे आल्या. सिलिकॉन व्हॅलीची जडणघडण सांगताना हे कलम वगळणारे लेख अर्धवट समजावेत.

विद्यापीठ १ ऑक्टोबर १८९१ ला सुरू झाले, मुलामुलींसाठी एकत्र आणि बिनफी. १८९३ मध्ये स्टॅनफर्ड वारले, आणि सरकारने त्या रेल्वेकर्जापोटी त्यांच्या मालमत्तेवर दीड कोटी डॉलरचा दावा लावला. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळेपर्यंत त्यांच्या पत्नी जेन स्टॅनफर्डनी घरखर्च तोडून प्राध्यापकांचे पगार भागवले. विद्यार्थिनी ५०० हून जास्त नकोत, ही १८९९ ची अटही त्यांचीच, आणि ती १९३३ पर्यंत टिकली.

विद्यापीठाचे पूर्ण नाव ‘लेलँड स्टॅनफर्ड ज्युनिअर विद्यापीठ’. यातला ‘ज्युनिअर’ त्या मुलाच्या नावाचा भाग आहे. ‘कनिष्ठ विद्यापीठ’ असे भाषांतर करून ते अकरावी-बारावीच्या ज्युनिअर कॉलेजाच्या रांगेत बसवू नये. तुमचे वाक्य असे लिहा: ‘रेल्वेतले एक महाजन, लेलँड स्टॅनफर्ड, आणि त्यांच्या पत्नी जेन यांनी मुलाच्या नावाने विद्यापीठ स्थापन केले.’ ‘एक’ गाळू नका, आणि जेनचे नावही.